वर्षाला दोन तास, पण पुतळ्यावर

शाळेत सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा प्रथमोपचार) शिकवावे का, असा विषय निघाला की महाराष्ट्रातील माझ्या शिक्षक मित्रांकडून दोन हरकती हमखास येतात: अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, आणि जखमीला हात लावला की पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो. यांपैकी दुसरीचे उत्तर, निदान रस्ते अपघातांपुरते, कायद्यानेच दिले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देते; मात्र हे वर्गात कोणी सांगितलेच नाही, तर मोठ्यांची भीती मुलांकडे जशीच्या तशी जाणार.

मी राहतो त्या अमेरिकेत बहुतेक राज्यांनी हायस्कूल संपण्यापूर्वी सीपीआरचे प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. मुलीच्या शाळेतील असा एक तास मला पाहता आला. छातीच्या मध्यभागी तळहात रोवून, कोपर ताठ ठेवून मुले पुतळ्यावर दाब देत होती आणि दाब पाच सेंटीमीटरपर्यंत गेला की आतून ‘टक्’ असा आवाज येत होता. मिनिटाला १०० ते १२० दाबांची गती राखताना दोन मिनिटांतच दमछाक होते, म्हणून शेजारचा विद्यार्थी तयारीत बसलेला असे. ‘कोणीतरी फोन करा’ असे ओरडू नका, एकाकडे बोट दाखवून ‘तू फोन कर’ म्हणा, हे शिक्षिका पुन्हा पुन्हा बजावत होत्या. पुस्तकातला परिच्छेद पाठ करून हे अंगवळणी पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिलेल्या शिफारशीत बाराव्या वर्षापासून दरवर्षी फक्त दोन तास मागितले आहेत, त्यामुळे अभ्यासक्रमाच्या ओझ्याची सबब मला पटत नाही. डेन्मार्कने २००५ मध्ये हे शिक्षण शाळांत सक्तीचे केले. तेथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी जवळच्या माणसांकडून सीपीआर मिळालेल्यांचे प्रमाण २००१ मधील सुमारे २१ टक्क्यांवरून २०१० पर्यंत जवळपास ४५ टक्क्यांवर गेले. याचे सारे श्रेय शाळांचे नाही, कारण वाहन परवान्यासाठीही प्रशिक्षण सक्तीचे झाले होते.

अमेरिकेची एक उणीव मात्र आपण उचलू नये. येथे अनेक शाळांत हा धडा चार वर्षांत एकदाच होतो, आणि हे कौशल्य काही महिन्यांतच विरू लागते. आपल्याकडे तो दरवर्षी व्हावा, त्याला गुण नसावेत, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, हेही त्याच तासाला करून दाखवावे. प्रत्येक शाळेने पुतळे विकत घेण्याची गरज नाही. तालुक्यासाठी एक संच आणि तो घेऊन शाळोशाळी फिरणारा प्रशिक्षित क्रीडाशिक्षक एवढ्यावरही सुरुवात करता येईल.