‘यांना तिथे बोलावलं होतं कोणी?’

परदेशात कुठे उठाव, दंगल किंवा युद्ध पेटलं आणि त्यात एखादा पत्रकार मारला गेला की दुसऱ्या दिवशी एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच असतो. हे लोक टीआरपीसाठी आगीत उड्या घेतात. यांना तिथे बोलावलं होतं कोणी? आता तिथल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, तेच व्हिडिओ टाकतात, मग पत्रकार हवा कशाला? अंगावर ‘प्रेस’ लिहिलं असेल तर सहसा कोणी हात लावत नाही, म्हणजे जो गेला तो स्वतःच्या चुकीने गेला. आणि बायकांना तर अशा ठिकाणी पाठवूच नये.

मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर आंतरराष्ट्रीय पान लावलं. स्वतः कधी गोळीबारात उभा राहिलेलो नाही. पण तिथून आलेली बातमी रात्री अकरा वाजता कापून दोन कॉलमांत बसवण्याचं काम मी केलं आहे. ती पाठवणाऱ्या माणसांबद्दल असं बोललेलं मला सहन होत नाही. म्हणून हा मेसेज एकदा नीट सोडवून बघू. क्रम मेसेजचा नाही, मला जे जास्त लागलं ते आधी.

‘चुकीने गेला’ हे सगळ्यात जास्त लागलं.

डॅनियल पर्ल हे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे दक्षिण आशियाचे प्रमुख होते आणि त्यांचा मुक्काम मुंबईत होता. २००१ च्या शेवटी अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं तेव्हा ते तिथे गेले नाहीत, धोका फार आहे असं त्यांचं मत होतं. २३ जानेवारी २००२ ला कराचीत एका माणसाला भेटायचं होतं, तर आधी त्यांनी जाणकारांना विचारलं की जाऊ का. उत्तर मिळालं, सार्वजनिक जागी भेटा. ते एका रेस्टॉरंटबाहेर भेटायला गेले. बायको गरोदर होती, कराचीतच होती. ते परत आले नाहीत. यात चूक शोधायची तर शोधा, पण इतकी खबरदारी आपल्यापैकी कितीजण घेतात?

आता त्या ‘प्रेस’ लिहिलेल्या जाकिटाकडे येऊ. त्यात पुढे-मागे गोळी अडवणाऱ्या जड प्लेट असतात, सगळं मिळून दहा किलोच्या आसपास वजन. वर हेल्मेट. पण मान, चेहरा, काखा, मांड्या उघड्याच राहतात. ‘अल जझीरा’ वाहिनीच्या पॅलेस्टिनी वार्ताहर शिरीन अबू अक्लेह यांनी ११ मे २०२२ ला वेस्ट बँकमधल्या जेनिनमध्ये निळं जाकीट आणि हेल्मेट दोन्ही घातलं होतं, जाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘प्रेस’ होतं. गोळी हेल्मेटच्या खाली डोक्याला लागली. गोळ्या इस्रायली सैन्याकडून आल्या, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने जूनमध्ये सांगितलं. इस्रायली लष्कराने सप्टेंबरमध्ये मान्य केलं की त्यांच्याच सैनिकाची गोळी चुकून लागल्याची दाट शक्यता आहे. पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबरला दक्षिण लेबनॉनमध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेचे इसाम अब्दल्ला मारले गेले. सात पत्रकार एका उघड्या टेकडीवर जवळपास तासभर उभे होते, सगळ्यांना दिसतील असे, जाकिटं घालून. रॉयटर्सच्या तपासानुसार इस्रायली रणगाड्यातून ३७ सेकंदांच्या अंतराने दोन गोळे आले. लेबनॉनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने चौकशी केली, तेव्हा आढळलं की त्याआधी चाळीस मिनिटांहून जास्त काळ तिथे कसलाही गोळीबार नव्हता. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेच्या क्रिस्टिना आसी यांचा पाय त्या हल्ल्यात गेला.

एक खबरदारी घेऊन गेला, दुसरे सगळ्यांना दिसतील असे उघड्यावर उभे राहिले, तरी मारले गेलेच. मग नक्की कोणती चूक टाळायची होती?

एक निकाल या बाबतीत सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. लंडनच्या ‘संडे टाइम्स’च्या वार्ताहर मेरी कोल्विन फेब्रुवारी २०१२ मध्ये सीरियातल्या होम्स शहरातल्या बाबा अम्र वस्तीत होत्या. सरकारी फौजांनी वस्तीला वेढा घातला होता, त्यामुळे त्या जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्यातून आत शिरल्या. त्याआधी २००१ मध्ये श्रीलंकेत त्यांचा डावा डोळा गेला होता. २१ फेब्रुवारीला त्यांनी बीबीसी आणि सीएनएनवर थेट सांगितलं की इथे अतिरेक्यांच्या तळावर नाही, थंडीने आणि भुकेने गारठलेल्या सामान्य माणसांवर तोफा डागल्या जात आहेत, आणि आपल्या डोळ्यांसमोर एक लहान बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिथे उतरल्या होत्या त्याच घरावर गोळे पडले. त्या गेल्या, फ्रेंच छायाचित्रकार रेमी ओश्लिक गेले. कोल्विन यांच्या कुटुंबाने अमेरिकेत सीरियन सरकारवर खटला भरला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कोल्विन यांना पत्रकार म्हणून हेरून मारलं गेलं, आणि तीस कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. म्हणजे त्यांनी काल रात्री जे सांगितलं त्याचं उत्तर आज सकाळी तोफेने आलं. याला अपघात म्हणता येत नाही आणि बेपर्वाई तर मुळीच नाही.

‘बोलावलं होतं कोणी?’ या प्रश्नाला माझ्याकडे अगदी सरळ उत्तर आहे. युक्रेनमधल्या मारिउपोल शहरात २७ फेब्रुवारी २०२२ ला सहा वर्षांची एक मुलगी हॉस्पिटलमध्ये आणली गेली, बॉम्बचा तुकडा लागलेली. डॉक्टर तिला वाचवायचा प्रयत्न करत होते आणि त्यातल्या एकाने तिथे उभ्या असलेल्या असोसिएटेड प्रेसच्या कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की हे पुतिनला दाखवा. मुलगी वाचली नाही. त्या डॉक्टरने बोलावलं होतं. ज्यांच्यावर छप्पर कोसळतं त्यांना कुणीतरी बाहेरचा माणूस हे बघतोय याचा आधार वाटतो. आपण हजारो किलोमीटरवरून विचारतो की बोलावलं कोणी होतं.

आणि आपणही बोलावतोच की. दानिश सिद्दीकी रॉयटर्सचे छायाचित्रकार. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी मुंबईत काढली. रोहिंग्यांच्या पलायनाच्या छायाचित्रांसाठी २०१८ मध्ये रॉयटर्सच्या चमूला पुलित्झर मिळालं, त्यात ते होते. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीच्या स्मशानात पेटलेल्या चितांचा उंचावरून घेतलेला फोटो तुम्ही पाहिला असेल, कदाचित पुढेही पाठवला असेल. ते काम त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. त्याच वर्षी १६ जुलैला कंदाहार प्रांतातल्या स्पिन बोल्दाकमध्ये अफगाण सैन्याबरोबर असताना ते मारले गेले. त्याच्या तीन दिवस आधी त्यांच्या गाडीवर रॉकेट आदळलं होतं आणि ते त्यातून वाचले होते. तालिबान किती वेगाने पुढे येतंय, अफगाण सैन्य कसं कोसळतंय, हे महिन्याभराने काबूल पडलं तेव्हा सगळ्यांना कळलं. ते आधी सांगायला हा माणूस तिथे गेला होता. त्यांच्या मृत्यूवर समाजमाध्यमांत काहींनी आनंद व्यक्त केला. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, लिहवत नाही.

मोबाइलचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. सामान्य लोकांचे व्हिडिओ मोलाचे असतात. सीरियाचं युद्ध जगाला कितीतरी अंशी त्यांच्यामुळेच दिसलं. पण व्हिडिओ खरा की जुना, कुठला, कोणी काढला, हे ठरवायला माणूस लागतो. आणि मुख्य म्हणजे, तो खोटा आहे असा आरोप झाला की परत जाऊन खात्री करणारा लागतो.

पुन्हा मारिउपोल. ९ मार्चला तिथल्या प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. असोसिएटेड प्रेसचे म्स्तिस्लाव चेर्नोव आणि येव्हेनी मालोलेत्का तिथे पोहोचले. स्ट्रेचरवरून नेली जाणारी गरोदर बाई, पोटाला हात लावून. दुसरी, चेहरा रक्ताने माखलेला, पांघरूण गुंडाळून जिन्याने उतरणारी. शहरात वीज नव्हती, नेटवर्क जवळजवळ संपलं होतं, तरी मिळेल त्या जागेवरून त्यांनी ती चित्रं तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पाठवली. लगेच लंडनच्या रशियन दूतावासाने ट्विट केलं की ही नटी आहे, सगळं नाटक आहे. ट्विटरने ते काढून टाकलं, पण तोवर ते जगभर पोहोचलं होतं. हे दोघे त्या वेळी तिथे होते, म्हणून ते पुढे त्या बायकांच्या शोधात गेले. जिन्याने उतरलेली बाई दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये सापडली, तिला मुलगी झाली होती. स्ट्रेचरवरची बाई आणि तिचं बाळ, दोघंही गेल्याचं तिथल्या डॉक्टरांकडून कळलं. एका दूतावासाच्या खोट्याला एवढ्या बारकाईने उत्तर देणं रस्त्यावरच्या घाबरलेल्या माणसाच्या मोबाइलला जमणार नव्हतं. रशियन सैनिक याच पत्रकारांना शोधत होते. शेवटी त्यांना डॉक्टरांचे झगे घालून लपावं लागलं आणि युक्रेनियन सैनिक त्यांना हॉस्पिटलमधून काढायला आले. १५ मार्चला ते शहराबाहेर पडले, त्यानंतर तिथे आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेचा एकही बातमीदार उरला नाही.

टीआरपीबद्दल मी थोडं मान्य करतो. हेल्मेट घालून, मागे काहीही होत नसताना वाकून बोलणारे वाहिन्यांचे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर तिथल्या लोकांनी ‘भारतीय मीडिया, घरी जा’ अशी मोहीमच चालवली, आणि त्यांचा राग खरा होता. ढिगाऱ्याखाली मुलगा गमावलेल्या आईसमोर माइक धरून कसं वाटतंय विचारणं हे पाप आहे. पण हा राग जे दोन दिवसांत विमानाने परत येतात त्यांच्यावर काढा. गोळ्या खाणारे बहुतेक दुसरेच असतात. इटलीच्या फ्रान्चेस्का बोर्री यांनी २०१३ मध्ये सीरियातून लिहिलं होतं की एका बातमीचे त्यांना सत्तर डॉलर मिळतात. विमा नाही, कंपनीची गाडी नाही, परतीची हमी नाही. सत्तर डॉलरसाठी कोणी अलेप्पोत टीआरपी शोधायला जात नाही.

ब्रिटिश छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन २० एप्रिल २०११ ला लिबियातल्या मिसराटात गोळ्याच्या तुकड्याने जखमी झाले. मांडीजवळची मोठी धमनी तुटली होती आणि गाडीतून नेताना रक्त वाहून ते गेले. त्याच हल्ल्यात अमेरिकन छायाचित्रकार ख्रिस हॉन्ड्रोसही गेले. वेळेवर जखम दाबून धरणारा, काय करायचं ते माहीत असलेला कोणी शेजारी असता तर हेदरिंग्टन कदाचित वाचले असते, हे त्यांचे मित्र सेबॅस्टियन जंगर यांना नंतर कळलं. त्यांनी मुक्त पत्रकारांना फुकट प्रथमोपचार शिकवणारी संस्था काढली. तिथे कोट्यवधींचे कॅमेरे शिकवत नाहीत. रक्त थांबवायचा पट्टा किती घट्ट आवळायचा, जखमेत गॉजची पट्टी कशी कोंबायची, हे शिकवतात. थरारासाठी जाणाऱ्यांचा हा अभ्यासक्रम नाही.

बायकांचा मुद्दा थोडक्यात. ११ फेब्रुवारी २०११ ला, इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाले त्या रात्री, कैरोच्या तहरीर चौकात अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीच्या वार्ताहर लारा लोगन यांच्यावर जमावाने अत्याचार केले. त्यांना वाचवलं ते तिथल्याच इजिप्शियन बायकांनी आणि काही सैनिकांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका फ्रेंच वार्ताहर स्त्रीवर तिथेच हल्ला झाला. तेव्हा पत्रकारांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जाहीर करून टाकलं की माध्यमांनी इजिप्तमध्ये स्त्रियांना पाठवणं थांबवावं. टीका झाली आणि संघटनेला ते मागे घ्यावं लागलं. टीका करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: पुरुष पत्रकारांनाही त्याच चौकात मार बसला होता, त्यांना घरी बसा असं कोणी सांगितलं नाही. शिवाय त्या चौकात इजिप्शियन बायका रोज येत होत्या, त्यांच्यावरही हेच अत्याचार होत होते. बाहेरून आलेली स्त्री निघून गेली असती तर त्यांच्याशी बोललं असतं कोण?

या मेसेजमधली खरी मोठी चूक मात्र अजून सांगायची आहे. ‘परदेशात कशाला गेले’ हा प्रश्नच बहुतेकांना लागू होत नाही, कारण मरणारे बहुतेक पत्रकार कुठे गेलेलेच नसतात. ते आपल्याच गावात असतात. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या समितीने २०२४ मध्ये जगभरात १२४ पत्रकार आणि माध्यम कर्मचारी मारले गेल्याचं नोंदवलं, तिच्या नोंदींतला तोवरचा सर्वात मोठा आकडा. त्यातले ८५ इस्रायल-गाझा युद्धात, आणि त्या ८५ मधले ८२ पॅलेस्टिनी. बाहेरच्या पत्रकारांना गाझात मोकळेपणी जाऊच दिलं जात नव्हतं. ज्यांचं घर तिथे, ज्यांची मुलं तिथे, तेच बातमी देत होते.

आणि जे बाहेरून जातात त्यांच्या शेजारी एक माणूस असतो. फिक्सर (भेटीगाठी आणि प्रवास जमवून देणारा स्थानिक मदतनीस), दुभाषा, ड्रायव्हर, कधी तिन्ही एकच. ४ सप्टेंबर २००९ ला अफगाणिस्तानात कुंदुझजवळ नाटोच्या विमानांनी इंधनाच्या टँकरवर बॉम्ब टाकले, गावकरी मेले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे स्टीफन फॅरेल ते बघायला गेले. बरोबर सुलतान मुनादी होते. वय ३४, दोन मुलं, जर्मनीत शिकत होते आणि सुट्टीसाठी घरी आले होते. तालिबानने दोघांना पकडलं. ९ सप्टेंबरच्या पहाटे ब्रिटिश कमांडो उतरले. अंधारात मुनादी पुढे झाले, ‘जर्नालिस्ट, जर्नालिस्ट’ असं ओरडत, आणि गोळ्यांच्या मारात कोसळले. एक ब्रिटिश सैनिकही गेला. फॅरेलना हेलिकॉप्टरमधून नेलं. मुनादींचा देह तिथेच राहिला. काबूलचे पत्रकार त्यावर संतापले होते.

त्या रात्री ती बातमी माझ्या टेबलावर आली होती. मथळा होता ब्रिटिश पत्रकाराच्या सुटकेचा. मुनादी चौथ्या परिच्छेदात होते. शेवटी तीन ओळी जास्त होत होत्या, म्हणून त्या परिच्छेदाचं ‘एक अफगाण दुभाषा ठार’ एवढंच ठेवलं आणि पान सोडलं. नाव मी कापलं होतं.