पस्तीसचं का चाळीसचं?

आमच्या बाथरूमचा नळ गळायला लागला तेव्हा पहिले बरेच दिवस मी तो गळत नाहीये असंच धरून चाललो होतो. पण रात्री दीडला टप, टप, टप, मधेच एक टप चुकायचा आणि त्या चुकलेल्याची वाट बघण्यात झोप जायची. बायको म्हणाली, वायसर बदलून घे. लहानपणी खरंच एवढंच असायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन रुपयांचा वायसर आणायचा, बाबा पान्हा घेऊन बसायचे, थोडी शिवीगाळ, नळ बंद. पण हा पडला सिंगल लिव्हर डायव्हर्टर, म्हणजे एकाच दांड्याने गरम-गार पाणी मिसळणारा नळ, तोही भिंतीत गाडलेला, वर फक्त एक चकचकीत प्लेट आणि दांडा. ह्याला वायसर नसतो. हे मला प्लंबरनी सांगितलं, तेही तीन दिवस "निघालोच साहेब" म्हणून झाल्यावर.

त्यांनी दांड्यावरची लाल-निळी टिकली नखाने उचकटली, अ‍ॅलन की घालून दांडा काढला, मोठा पितळी नट सोडवला आणि आतून मोठ्या आवळ्याएवढी एक प्लास्टिकची डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "काट्रेज गेलंय साहेब. असंच घेऊन या, दोन मिनिटांत बसवतो."

"कुठलं आणू?"

"हे दाखवा ना. देतात."

खरी गोची पुढे होती. काट्रेज बाहेर काढलं की त्या भोकातून कारंजं उडणार, म्हणून गच्चीवरचा कॉक बंद, म्हणजे अख्ख्या फ्लॅटचं पाणी बंद. पाणी चालू करायचं तर काट्रेज परत आत घालायला पाहिजे, आणि आत घातलं तर दुकानात दाखवणार काय, माझं तोंड? शेवटी सगळ्या बादल्या, कुकर, पिंप भरून घेतले आणि मी ती डबी रुमालात बांधून हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीकडे निघालो.

पहिल्या दुकानदाराने डबी हातात न घेताच विचारलं, "पस्तीसचं का चाळीसचं?"

मला वाटलं रुपये. म्हणलं, चाळीसचं द्या, चांगलं द्या. तो दयेने हसला, मिलिमीटर हो काका, असं म्हणाला (मी त्याच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा असेन). मग पट्टी लावली, पस्तीस निघालं, मला उगाच पास झाल्यासारखं वाटलं. पण तो कुठे थांबतोय, बूड सपाट का खाली बैठक? खुंट्या दोन, पण किती अंतरावर? वरची दांडी किती जाड? बुडाची तीन भोकं, एक गरम, एक गार, एक बाहेर जायचं, ती ह्याच्यात त्रिकोणात आहेत, माझ्याकडच्यात जरा तिरकी आहेत, नाही बसणार. कंपनी कुठली? मी सांगितली. मग कंपनीचंच लागेल, म्हणाला. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन लावला तर त्या मुलीने फार गोड आवाजात मॉडेल बंद झाल्याचं सांगून नवीन डायव्हर्टर सुचवला. म्हणजे भिंत फोडा, टाइल्स फोडा, आणि त्या टाइल्सचंही मॉडेल बंद झालेलंच असणार.

सहाव्या दुकानात उभा असताना एकदम लक्षात आलं की मी नेमकं तेच करतोय ज्यावरून गेली अठरा वर्षं बायकोची टिंगल करत आलोय. ती साडीचा पदर पिशवीत घालून मॅचिंग सेंटरं पालथी घालते आणि मी बाहेर स्कूटरवर बसून म्हणतो, हिरवा तो हिरवा, काय फरक पडतो. आता मी रुमाल सोडून उजेडात डबी धरत होतो आणि "ह्याच्यात जरा उंच दांडीचं नाही का हो" असं विचारत होतो. अगदी तिच्याच सुरात.

मला राग ह्याचा येतो की बाहेरून सगळे नळ सारखेच असतात. अर्ध्या इंचाचा नळ कुठल्याही कंपनीचा आणा, आटे जुळतात, टेफलॉन टेप गुंडाळा आणि फिरवा. ह्याचं बरंचसं पुण्य जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं, 1841 मध्ये त्याने म्हणलं की बाबांनो, प्रत्येक कारखान्याचे स्क्रूचे आटे वेगळे कशाला, एकच ठरवू या. त्याआधी बोल्ट हरवला की त्याच कारखान्याच्या दारात जायचं. युरोपने तर मोबाईलवाल्यांना सुद्धा 28 डिसेंबर 2024 पासून एकच टाइप-सी पिन घ्यायला लावली. आणि काट्रेजमध्ये असतं तरी काय? सिरॅमिकच्या दोन चकत्या, एक पक्की, एक हलती, इतक्या गुळगुळीत घासलेल्या की मधून पाणी जात नाही. दांडा उचलला की भोकं समोरासमोर येतात, फिरवला की गरम-गारचं प्रमाण बदलतं. आमच्या टँकरच्या क्षारांनी त्या चकत्यांवर चरे पाडले, एवढाच काय तो आजार. पस्तीसचं म्हणजे पस्तीसचं, बूड-बैठक-दांडी सगळं एकदाच ठरवून टाका ना, कोणाच्या बापाचं काय जातं? जात असणार म्हणा, नवीन डायव्हर्टर विकणाऱ्याचं.

तेवढ्यात घरून फोन, "कुकरमधलं पाणी संपलं."

शेवटी एका बोळातल्या म्हाताऱ्या चाचांनी चश्मा कपाळावर घेऊन डबी उलटीपालटी केली, माळ्यावरून एक धुळकट खोकं उतरवलं, त्यातल्या तीसेक काट्रेजांत हात घालून एक काढलं, दोघांची बुडं एकमेकांना लावून पाहिली आणि म्हणाले, "बसेल. तीनशे वीस." बिल नाही, गॅरंटी नाही. मी पाया पडायचाच बाकी होतो.

आणि बसलं की! प्लंबरना दोन मिनिटं नाही, पाऊण तास लागला, पण गळणं बंद. फक्त दांडा लालकडे फिरवला की गार येतं आणि निळ्याकडे फिरवला की कढत. उलटं बसवून पाहिलं तर बसेचना. त्या रात्री मी मोबाईलवर वाचलं की एकदांडी मिक्सर शोधला तोच मुळी हात भाजू नये म्हणून, अमेरिकेत 1937 साली आल्फ्रेड मोएन नावाच्या पोराचा हात दोन चाव्यांच्या नळाखाली पोळला, म्हणून तो ह्या उद्योगाला लागला आणि 1947 मध्ये पहिला नळ विकला. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेत मी सवयीने निळ्याकडे फिरवला.

आता बाथरूमच्या दारावर बायकोच्या अक्षरात कागद आहे, "लाल म्हणजे गार". मेव्हणा येऊन गेला, त्याला वाटलं काहीतरी सुविचार आहे, वाचून तसाच आत गेला, मग ओरडला.

जुनं काट्रेज मी कचऱ्यात टाकायला निघालो होतो. बायकोने हातातून काढून घेतलं, धुतलं, पुसलं आणि हुक-बटणांच्या डब्यात ठेवून दिलं. म्हणाली, राहू दे, मॅचिंगला लागेल.