हात बसण्याआधी हात सैल सोडा

योयो खेळायला शिकावे, अशी इच्छा आपल्या मनात निर्माण झाली असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. आता वेळ न दवडता, परवडेल त्याच्या दुप्पट किमतीचा योयो आपण मागवावा. अॅल्युमिनियमचा घेणार असाल, तर 7075 मिश्रधातूचाच घ्यावा, कारण त्याहून स्वस्त अशा 6061 मिश्रधातूचा योयो हातात घेऊन चारचौघांत वावरणे आपल्याला फार जड जाईल; आणि शक्य असेल, तर अॅल्युमिनियमच्या फंदात न पडता थेट टायटॅनियमच गाठावे. त्याला पंचवीस-तीस हजार रुपये सहज पडतात, सीमाशुल्क वेगळे. दोरीचा फास कोणत्या बोटात अडकवायचा, हे आपल्याला अद्याप ठाऊक नाही, ही क्षुल्लक बाब आड येऊ देऊ नये. योयो पुरेसा महाग असला, की योग्य ते बोट तो स्वतःच शोधून काढतो.

खोक्यातील माहितीपत्रक वाचू नये.

दोरी कापू नये. योयो जमिनीवर टेकवून दोरी साधारण बेंबीपर्यंत येईल एवढीच ठेवावी, असे जाणकार सांगतात. परंतु दोरीचेही पैसे आपणच मोजलेले आहेत, ती कापून टाकायला आपण काय वेडे आहोत? शिवाय टायटॅनियम फरशीवर आपटल्याचा आवाज खालच्या मजल्यावरील मंडळींना आवडतो, आणि तेच सिमेंटवर घासले, तर ठिणग्याही उडतात. एवढ्या किमतीत निदान ठिणग्या तरी मिळायला हव्यातच.

सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा, की आपला योयो वर का येत नाही, याचा विचार आपण स्वतः मुळीच करू नये. त्यासाठी रात्री साडेदहा वाजता शेजाऱ्याच्या दाराची घंटा वाजवावी. आमच्या सोसायटीतील एका सद्गृहस्थांनी गेल्या महिन्यात नेमके हेच केले. "अहो, मला चक्क फसवलंय, हा खालीच फिरत राहतो, वर येतच नाही," असे म्हणत त्यांनी नवाकोरा टायटॅनियमचा योयो माझ्यापुढे धरला. विक्रेत्याला एक तारा देण्याचे कर्तव्य ते जिना उतरतानाच उरकून आले होते. मी त्यांना शांतपणे सांगितले, की हा योयो झटका देऊन वर यावा म्हणून बनवलेलाच नाही. याच्या दोन अर्ध्या भागांमधली, दोरी जिथे असते ती फट रुंद असते, बेअरिंगचा बाहेरील व्यास चांगला अर्धा इंच असतो, सिलिकॉनच्या चकत्या फटीच्या भिंतींत किंचित आत दबवून बसवलेल्या असतात, आणि ही सारी योजना दोरी कुठेही अडकू नये म्हणूनच केलेली असते, कारण योयो खाली दीर्घकाळ फिरत राहिला, तरच त्यावर दोरीचे लांबलचक खेळ करता येतात. तो परत आणायचा, तर बाइंड करावा लागतो; म्हणजे दोरीचा एक पदर दुमडून फिरत्या योयोच्या फटीत भरवायचा, तो सिलिकॉनला घासून अडकतो आणि योयो दोरी गुंडाळत हातात येतो. सद्गृहस्थांनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग यात तसं एखादं बटण नाही का?"

बटण! बाइंड जमण्यासाठी योयो सरळ फिरत असावा लागतो, तो सरळ फिरण्यासाठी फेक सरळ असावी लागते, आणि सरळ फेक कोणत्याही देशातून पार्सलने येत नाही. महागड्या योयोचे वजन कडेला नेलेले असते, त्यामुळे तो ज्या प्रतलात फेकला त्याच प्रतलात चिवटपणे टिकून राहतो, आणि त्यासाठीच तर एवढे पैसे मोजायचे असतात. मात्र आपण तो तिरका फेकला, तर तो तितक्याच चिवटपणे तिरका राहतो, दोरी एका बाजूला घासत राहते आणि योयो तडफडत थांबतो. आपला हात वाकडा आहे, हे योयोला कळते; किंमत किती मोजली, हे त्याला कळत नाही. त्यानंतर चार-पाच दिवसांनी हेच सद्गृहस्थ आनंदाने फुललेल्या चेहऱ्याने मला लिफ्टमध्ये भेटले, कारण त्यांचा योयो 'दुरुस्त' झाला होता. त्यांनी बेअरिंगमध्ये खोबरेल तेल ओतले होते. घट्ट तेलाने बेअरिंग जड फिरू लागले, दोरी अडकू लागली, आणि झटका दिला, की योयो निमूटपणे वर येऊ लागला. काही शे रुपयांत मिळणारा प्लास्टिकचा योयो जे काम पहिल्या दिवसापासून करतो, ते काम टायटॅनियमकडून खोबरेल पाजून करवून घेण्याचा हा पराक्रम होता, आणि तरीही त्या एका ताऱ्याचे दोन तारे झाले नाहीत.

चित्रफिती मात्र पुष्कळ पाहाव्यात, आणि त्यांतील खेळाडू खेळाचा प्रारंभ कसा करतो, तो भाग पुढे ढकलून पाहाव्यात.

या खेळाचा इतिहास चुकूनही वाचू नये, कारण त्याने उत्साहभंग होतो. पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो गृहस्थांनी 1928 साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे योयोचा कारखाना काढला, तेव्हा ते योयो लाकडी होते, त्यांत बेअरिंग नव्हते, आणि त्यांची सारी करामत एवढीच होती, की दोरी आसाला गाठ मारून बांधण्याऐवजी नुसती वेढ्याने अडकवलेली होती, त्यामुळे योयो खाली फिरत राहू शके. पुढे फिलिपिनो खेळाडू अमेरिकेतील गावोगावच्या दुकानांपुढे उभे राहून याच लाकडी चकत्यांवर पोरांना खेळ शिकवत हिंडले. आजही दोन हातांत दोन योयो घेऊन ते सतत फिरवत ठेवण्याचा जो स्पर्धाप्रकार आहे, ज्यात जपानचे शिंजी साइतो अनेकदा विश्वविजेते झाले, तो प्लास्टिकच्या आणि झटक्याने परत येणाऱ्या योयोवरच खेळला जातो. योयो दोरीपासून पूर्ण सुटा ठेवून खेळण्याच्या प्रकारातही बहुधा प्लास्टिकच असते. विश्वविजेत्यांना जे पुरते, ते आपल्याला कसे पुरणार, हा प्रश्न अर्थातच रास्त आहे. आपली पातळीच निराळी आहे.

पहिला ओरखडा पडताच योयो विकायला काढावा, आणि जाहिरातीत 'फक्त दोनदा वापरलेला' असे लिहावे. कडेवरील खड्डे छायाचित्रात येऊ नयेत, यासाठी अंगठा नेमका तेथेच ठेवावा.

आणि इतरांच्या हातातील योयोची किंमत अवश्य विचारावी. आमच्या सोसायटीत सातवीत शिकणारा एक मुलगा आहे. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून त्याने प्लास्टिकचा, बेअरिंगचा एक साधा योयो घेतला, पार्किंगमधल्या खांबाआड रोज संध्याकाळी तो फेकत राहिला आणि कोणीही पुढ्यात बसून शिकवलेले नसताना ट्रॅपीझपर्यंत पोहोचला; म्हणजे बाजूला फेकलेला योयो उलटून अलगद दोरीवर झेलणे त्याला जमू लागले. त्यानंतर त्याने रुंद बेअरिंग बसवले, बाइंड शिकला, आणि त्याच प्लास्टिकवर दोन वेढ्यांचे झेल घेऊ लागला. हा मुलगा खेळत असताना वर वर्णिलेले सद्गृहस्थ तेथे गेले, त्यांनी त्याचा योयो हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला आणि भोवतीच्या सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "हे खेळणं आहे रे, खरा योयो असा असतो." मग त्यांनी स्वतःचा खरा योयो फेकला. खोबरेल सुकले होते की काय कोण जाणे, तो वर आला नाही; पण पोरांनी त्याकडे पाहिलेच नाही, कारण त्याआधी त्यांनी त्याची किंमत ऐकली होती. त्या रात्री मुलाने वडिलांकडे आठ हजारांच्या योयोचा हट्ट धरला, वडिलांनी नाही म्हटले, आणि तेव्हापासून तो खाली योयो आणत नाही.

आता 'आपण, आपण' पुरे झाले. तुम्ही तुमचे पैसे कशावर उधळता, याच्याशी मला काही देणेघेणे नाही. महागडे योयो म्हणजे लबाडी आहे, असेही मी म्हणत नाही. दोन्ही अर्धगोल केसाच्या अंतरानेही चुकू नयेत, यासाठी त्यांवर खरोखर बारीक काम केलेले असते, माझ्याकडेही तसे योयो आहेत आणि ते फेकताना मला आनंद होतो. परंतु तो गुळगुळीतपणा जाणवायला आधी तुमची फेक सरळ लागते, आणि ती तुम्ही एक संध्याकाळसुद्धा घोटलेली नाही. तुम्हाला खेळायचेच नव्हते. तुम्हाला खेळणारा माणूस म्हणून दिसायचे होते, आणि तेही आठवडाभरात. न जमल्याचे खापर तुम्ही योयोवर फोडलेत, विक्रेत्यावर फोडलेत, रात्री माझ्या झोपेवर फोडलेत, आणि हे सगळे करून पुरले नाही, म्हणून ज्याला जमत होते, त्या पोराच्या हातातल्या वस्तूला नावे ठेवलीत. त्या प्लास्टिकवर तो जे करत होता, ते करायला तुम्हाला वर्ष लागेल, आणि तेही रोज खाली उतरलात तर. कोणता योयो खरा, हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

बेअरिंग काढा, ते तेल धुऊन टाका, दोरी बेंबीपर्यंत कापा. मग त्या मुलाच्या घरी जा, सगळ्यांसमोर जे बोललात ते चुकीचे होते, असे सगळ्यांसमोरच सांगा, आणि त्याला बाइंड शिकवायला सांगा. तो शिकवत असताना किमतीचा आकडा तोंडातून काढू नका.