व्याज उतरलं म्हणून कोणी कारखाना काढत नाही

काल लालबागहून काकांचा फोन. सोमवारी मुदत ठेव मोडायला निघालेत. कारण तो मेसेज: ‘तुर्कस्तान, जपान, आयर्लंड बघा! व्याज आणि कर उतरवले, खासगी गुंतवणूक धो धो आली. आता आपली पाळी. ठेवी मोडा, शेअर घ्या.’ आठवडाभरात मला चौघांनी पाठवला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

तुर्कस्तानचं नाव घेणाऱ्याने तिथली साधी बातमीही वाचलेली नाही. २०२१ च्या सप्टेंबरात तिथे व्याजदर १९ टक्के होता, डिसेंबरात १४ वर आणला. त्या वर्षात डॉलरपुढे लिरा ४० टक्क्यांहून जास्त घसरला. बाहेरून मशीन मागवणाऱ्याने कोणता भाव धरून हिशोब करायचा? ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर गेली, हा तिथल्या सरकारचाच आकडा. काकांसारख्या पेन्शनरांची पुंजी त्यात विरघळली. शेवटी मार्च २०२४ मध्ये दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला. आणि हे उदाहरण देऊन म्हाताऱ्या माणसांना ठेवी मोडायला सांगताय?

जपानने १९९९ मध्येच व्याज शून्यावर आणलं होतं. तरी तिथल्या शेअर बाजाराला १९८९ चा उच्चांक ओलांडायला २०२४ उजाडलं.

आयर्लंडचं अर्धं खरं आहे, ते मान्य. १२.५ टक्के करामुळे कंपन्या गेल्या. पण इंग्रजी बोलणारी शिकलेली माणसं आणि युरोपची बाजारपेठही तिथे होती. शिवाय २०१५ मध्ये जीडीपी एकदम सुमारे २५ टक्क्यांनी फुगला तो मुख्यतः परदेशी कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवल्यामुळे.

आणि ‘आता आपली पाळी’ म्हणजे काय? आपल्याकडे कंपनी कर २०१९ च्या सप्टेंबरातच ३० वरून २२ टक्क्यांवर आला, नव्या कारखान्यांना १५. साकीनाक्याला माझ्या मावसभावाचा गाळा आहे. दोन लेथ मशीन ताडपत्रीखाली झाकून ठेवलेत. बँकेचा माणूस कर्ज घ्या म्हणून दर महिन्याला येतो. भाऊ म्हणतो, “आहेत त्यांनाच काम नाही, तिसरं कशाला घेऊ?” मोठ्या कंपन्यांचंही तेच. रिझर्व्ह बँकेची पाहणी सांगते की कारखान्यांची साधारण तीन चतुर्थांश क्षमताच वापरात असते. मालाला गिऱ्हाईक दिसल्याशिवाय नवीन शेड कोण टाकेल?

काकांची ठेव पिकायला सात महिने आहेत. आत्ता मोडली तर व्याज कापलं जाईल, आणि काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच पैशातून व्हायचंय. सोमवारी बँक उघडायच्या आत मी लालबागला पोचतोय.