‘रॉजर’ म्हटलं की विमान सुटत नाही

पुण्यात विमाननगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज आला: ‘उड्डाणाआधी पायलट आणि टॉवर बोलतात ती नुसती औपचारिकता. मार्ग कॉम्प्युटरमध्ये असतोच. दोघं तेच तेच वाक्य पोपटासारखं म्हणतात, पायलट “रॉजर” म्हणाला की विमान सुटतं. लोहगावला उशीर होतो तो या वेळकाढूपणाने.’ खाली अंगठ्यांची रांग लागली, म्हणून लिहायला बसलो.

मार्ग आधी भरलेला असतो, हे खरं. पण त्या मार्गाला मंजुरी वेगळी घ्यावी लागते, विमान मागे ढकलायची वेगळी, टॅक्सीची, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जायची, वेगळी, धावपट्टीवर येऊन थांबायची वेगळी. उड्डाणाची परवानगी सगळ्यात शेवटी.

आता पोपटपंची. धावपट्टीचा क्रमांक, उंची, रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड हे सगळं पायलट परत म्हणून दाखवतो, आणि टॉवरमधला माणूस ते कान देऊन तपासतो. धावपट्टी ‘टू एट’च्या (२८) जागी ‘वन झीरो’ (१०) ऐकू आलं तर तिथेच दुरुस्ती होते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात केएलएम या डच कंपनीच्या विमानाला फक्त मार्गाची मंजुरी मिळाली होती. त्या मंजुरीत ‘टेकऑफ’ हा शब्द मात्र होता. ती परत म्हणून दाखवताना सहवैमानिकाने ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’ असं जोडलं. टॉवर ‘ओके’ म्हणाला, पुढे ‘थांबा, मी सांगतो’ असंही म्हणाला, पण त्याच क्षणी त्याच धावपट्टीवरचं पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं विमानही बोललं. एका फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की शिट्टीसारखा आवाज येतो; केएलएमच्या कॉकपिटमध्ये तोच आला. ‘थांबा’ ऐकूच गेलं नाही, केएलएमचं विमान सुटलं आणि पॅन अ‍ॅमच्या विमानावर आदळलं. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात, बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

‘रॉजर’चा अर्थ ‘तुमचं सगळं ऐकलं’, एवढाच. होकार द्यायचा तर ‘अफर्म’, सांगितलं तसं करतो म्हणायचं तर ‘विल्को’.

आणि लोहगावचा उशीर? विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, टॉवरही हवाई दलाचाच. धावपट्टी एकच, आणि सुखोई तिच्यावरूनच उडतात. रेडिओवरच्या एका देवाणघेवाणीला काही सेकंद लागतात. सुखोईंची जोडी सुटेपर्यंत तुमचा पायलट मात्र ‘होल्डिंग शॉर्ट’ असं सांगून धावपट्टीच्या अलीकडे, रेषेवर उभा असतो.