पालकसभेतला संकोच आणि २५ टक्के जागा

खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, ही शिक्षण हक्क कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये (विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून) वैध ठरवली, तरी महाराष्ट्रातला वाद काही मिटत नाही. जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट देणारा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. घरच्यांशी फोनवर बोलताना मात्र कायद्याऐवजी एक कनवाळू वाटणारा मुद्दा ऐकू येतो: ‘अहो, त्या आईबापांनाच तिथे अवघडल्यासारखे होते, मग हा अट्टाहास कशाला?’

हे अवघडलेपण मी म्युनिकमध्ये अनुभवतो. इथे सरकारी प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे डॉक्टर, बसचालक, निर्वासित आणि आम्ही एकाच पालकसभेला मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे दुमडून बसतो. जर्मन वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. मग शेजारची आई वळून, एकेक शब्द सुटा करून, ‘समजले ना?’ असे विचारते. हेतू चांगलाच असतो, तरी कानशिले तापतात. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हाती भेटवस्तूंनी भरलेला मोठा कागदी शंकू देतात. तो घरी बनवलेला की विकतचा, हे लांबूनही ओळखू येते. आमचा विकतचा होता.

तेव्हा हा संकोच खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. पण माझ्या संकोचावरचा उपाय म्हणून माझ्या मुलीला दुसऱ्या शाळेत घाला, असे इथे मला कोणी सुचवलेले नाही. बाईंशी बोलायचे असेल तेव्हा दुभाषा मागा, एवढेच शाळेने सांगितले.

जर्मनीचे गोडवे गाण्याचाही हेतू नाही. म्युनिक ज्या राज्यात आहे, त्या बव्हेरियात चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. एक हा सर्वोत्तम गुण असलेल्या पद्धतीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल, तरच गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेची, वाट थेट मोकळी होते, आणि त्या वर्षी कोणाच्या घरी अभ्यास घेणारे कोण आहे, याचा अंदाज सगळेच पालक एकमेकांकडे पाहून घेत असतात.

आपल्या कायद्याच्या १३व्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलांची व पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. प्रवेशानंतर केवळ इंग्रजीत येणाऱ्या सूचना, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचा खर्च, सहलीची वर्गणी यांचे काय, हे खरे तर शाळांना विचारायला हवे. सरकारकडे थकलेली शुल्क-प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांच्या शुल्कापोटी सरकारने शाळांना द्यायची रक्कम, हा शाळांचा रास्त आक्षेप आहे, पण तो त्यांनी सरकारपुढे उघडपणे मांडावा. त्यासाठी गरीब पालकांच्या संकोचाची ढाल पुढे करू नये.