उन्हाला कुठलं परिपत्रक?

(बुधवार, 12 जानेवारी 2022, बेळगाव, गोवावेसचा कट्टा)

विषय मीच काढला. संक्रांत तोंडावर, शुक्रवारी रात्री दहापासून परत वीकेंड कर्फ्यू, म्हणून सकाळीच शांतामावशीला तिळगूळ द्यायला वृद्धाश्रमात जाऊन आलो होतो. आत सोडत नाहीत. फाटकाच्या जाळीतून डबा दिला.

मावशी आली नाही, तिला आणली. दोघींनी दोन्ही दंडांना धरून. दिवाळीपर्यंत हीच बाई रोज सकाळी अंगणातल्या पारिजातकाखाली जाऊन ओंजळभर फुलं वेचायची. डिसेंबरात कोरोनाच्या ओमायक्रॉनचं नाव निघालं आणि अंगणाच्या दाराला कुलूप लागलं. पाच आठवडे झाले. पाय इतके सुजलेत की चपलेत अंगठा शिरत नव्हता. ती उभी होती व्हरांड्याच्या सावलीत आणि ऊन होतं फाटकाच्या अलीकडे, माझ्या बाजूला. बोलता बोलता तिनं जाळीतून चार बोटं बाहेर काढली, उन्हात धरली आणि तशीच धरून ठेवली. तिळगुळाबद्दल एक शब्द बोलली नाही.

हे कट्ट्यावर सांगितलं तर वसंतराव लगेच सरसावले. ते त्या आश्रमाच्या कमिटीवर आहेत. दोन मास्क, हातात रबरी मोजे, चहाचा ग्लास धरायलासुद्धा रुमाल. "हे बघा, भावना वेगळी, नियम वेगळा. ज्येष्ठांनी बाहेर पडायचं नाही. परिपत्रक आहे."

"अंगणात बसायचं नाही असं त्यात कुठल्या ओळीत लिहिलंय?" सुभेदारांनी विचारलं.

"ते कन्नडमध्ये आहे."

"मग वाचलं कुणी?"

वसंतरावांनी चहावाल्या ईरण्णाकडं बघितलं. ईरण्णा म्हणाला, "माझ्याकडं काय बघताय माराया? मला कधी दाखवलंय का?"

म्हणजे भिंतीवर चिकटवलेला कागद आतल्या एकालाही वाचता येत नाही, आणि त्याच कागदावर पाच आठवडे दाराला कुलूप. कागद मराठीतूनही द्या म्हणून आमची अर्धी हयात अर्ज लिहिण्यात गेली. तो विषय निघाला की कट्टा रात्री अकरापर्यंत उठत नाही, म्हणून मीच आवरतं घेतलं.

सुभेदार लष्कराच्या मेडिकल कोरमधून निवृत्त झालेत. वॉर्डात उभं आयुष्य गेलं. फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले.

"हॉलमध्ये माणसं किती बसतात?"

"बावीस."

"खिडक्या?"

"बंद. थंडी असते ना सकाळी."

"आणि दिवसभर टीव्ही. म्हणजे बावीस म्हाताऱ्यांना एका हवेत कोंडलंय आणि त्याला तुम्ही काळजी म्हणताय. वसंतराव, हा रोग फाटकावरून उडी मारून येत नाही. ड्युटीवर येणाऱ्या माणसाच्या श्वासातून येतो आणि बंद खोलीत साठून राहतो. जगभरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा उघड्यावर झालेली लागण दहा टक्क्यांच्या आत निघाली. कुलूप लावायचंच तर हॉलला लावा."

सदा रिक्षावाला म्हणाला, "आमची आज्जी सांगायची की, प्लेगात लोक गाव मोकळं करून माळावर खोपटी बांधून राहायचे. त्या लोकांना कळालं, ह्यांना कळंना झालंय."

ते खरंच आहे. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाच्या रोग्यांचं सॅनेटोरियम काढलं तेव्हा त्या रोगावर औषधच नव्हतं. मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि चांगलं खाणं, एवढ्यावरच उपचार चालायचे.

"आणि पडल्या म्हणजे?" वसंतराव म्हणाले. "शांताबाई अंगणात पडल्या, खुबा मोडला, तर जबाबदार कोण? तुम्ही?"

"पडतील त्या बसून बसून," सुभेदार म्हणाले. "2007 साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. धडधाकट म्हातारी माणसं घेतली आणि दहा दिवस नुसती अंथरुणावर झोपवली. दहा दिवसांत पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. तुमचे पाच आठवडे झालेत."

मला ती सुजलेली पावलं आठवली. ग्लास खाली ठेवला.

मग सदानं जुनं उकरलं. "डिसेंबरात इथं सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन झालं. दोन आठवडे गाड्यांचे ताफे, मोर्चे, बंदोबस्त. तवा ओमायक्रॉन सुट्टीवर गेलता काय? आणि वसंतराव, पोरीच्या लग्नात पन्नासची परवानगी हुती आणि पंगती सात उठल्या. मी स्वतः चार खेपा केल्यात स्टेशनवरनं. त्यातल्या एका खेपेचं भाडं अजून यायचंय."

"ते भाडं मी दिलंय!"

"तीन खेपांचं दिलंय."

यावर दहा मिनिटं गेली. भाड्याचा निकाल लागला नाही.

परत विषयावर आलो ते वसंतरावांमुळेच. मास्क हनुवटीवर ओढून ते म्हणाले, "तुम्हाला बोलायला सोपं आहे. गेल्या मे महिन्यात आमच्या इथले तिघे गेले. घरच्यांना फोन मी केलेत. एकाचा मुलगा पुण्यात, तो पोचूही शकला नाही."

कुणीच काही बोललं नाही. ईरण्णानं स्टोव्ह बारीक केला.

सुभेदारांनी अगदी हळू विचारलं, "ते तिघे अंगणात बसत होते?"

"नाही. तेव्हा तर सगळंच बंद होतं."

त्यानंतर मात्र कामाचं बोलणं झालं. सकाळी साडेनऊ ते अकरा. त्याआधी बेळगावचा गारठा सोसत नाही आणि पुढं ऊन चढतं. एका वेळी सहाच जण, एका गटात रोज तेच सहा, म्हणजे कुणाला ताप आला तर सगळा आश्रम हादरत नाही. सहा सहा फुटांवर खुर्च्या, हात टेकता येतील अशा. चालायचं त्यांनी सपाट फरशीवरून चालायचं आणि दर वीस पावलांवर टेकायला एक खुर्ची. उठल्याबरोबर पाऊल टाकायचं नाही, आधी दोन मिनिटं पाय हलवायचे, नाहीतर चक्कर येते. ज्यांना चालवत नाही त्यांनी बसल्या बसल्या टाचा उचलायच्या, गुडघे सरळ करायचे. पाण्याचा तांब्या ज्याचा त्याला. बायकांना शेंगा सोलायला द्या, तांदूळ निवडायला द्या, कुंडीत मेथी पेरू द्या, असं मी सुचवलं. मावशीला नुसतं बसवलं तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही, हाताला काम दिलं तर सगळ्यांच्या आधी येऊन बसेल. आणि सोमवारपासून साठीवरच्या व्याधीवाल्यांना तिसरा डोस सुरू झालाय, तो त्यांनाही आणि पात्र असलेल्या कामवाल्यांनाही आधी द्या, असं सुभेदारांनी दोनदा सांगितलं.

"भजन?" सदाचा जीव भजनात.

"तोंड उघडून गायलं की थुंकीचे कण जास्त उडतात," सुभेदार म्हणाले. "हॉलमध्ये नकोच. अंगणात करा, मास्क लावून, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, अंतर दुप्पट. पुढं एकच गाणारा, बाकीच्यांनी टाळ धरायचे."

"पुढं गाणारा मीच," सदा म्हणाला, आणि सगळे एकदम "नको!" म्हणाले.

मावसबहीण कोल्हापुरात असते. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. तेवढा खटाटोप करून ती आली तरी आई जाळीतूनच दिसणार. अंगणात दहा फुटांवर समोरासमोर दोन खुर्च्या टाकल्या तर मायलेकींना अर्धा तास धड बोलता येईल. हे मी वसंतरावांना हात जोडून सांगितलं. केंद्राच्या 2020 च्या सूचनांतसुद्धा ज्येष्ठांनी घरात हालचाल ठेवावी, हलका व्यायाम करावा असं लिहिलेलं आहे. अंगण घराचंच असतं ना?

वसंतराव बराच वेळ हातमोजे चाचपत बसले. "कमिटीत मांडावं लागेल," म्हणाले.

"कमिटी कधी?"

"सोमवारनंतर."

"काका," सदा म्हणाला, "86 च्या सीमा आंदोलनात मोर्चा निघायच्या टायमाला तुम्ही बेळगुंदीला मामाकडं पळालासा, तवाबी सोमवारनंतर येतो म्हणालावता."

"मामा आजारी होते!"

"होय की, मामा लग्नात फेटा बांधून नाचालते. माझा थोरला भाऊ हुता तिथं."

सुभेदारांना मी पहिल्यांदाच डोळे पुसेपर्यंत हसताना बघितलं. ईरण्णा "साकु, साकु" (पुरे, पुरे) म्हणत फळी ओढायला लागला, कारण बीट पोलिसाची मोटारसायकल कोपऱ्यावर वळली होती.

वसंतराव उठले. चार पावलं जाऊन परत आले. "फायबरच्या चौदा खुर्च्या आहेत वरच्या खोलीत. उचलायला माणसं नाहीत."

"उद्या नऊला रिक्षा घेऊन येतो," सदा म्हणाला.

"शांताबाईंची खुर्ची पारिजातकाकडं ठेवू?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. बोलायला गेलो तर आवाज फुटेना.

"ठेवा की," सदाच म्हणाला. "फक्त तेवढे हातमोजे काढून या, खुर्च्या सटकतात. आणि येताना चौथ्या खेपेचं भाडं."